हनुमंतरावांची डावी शीर

हरिणीला त्या मंगळवारी फक्त एक सही मिळायची होती. तिच्याजवळ एक निळं कार्ड असे, त्यावर दहा चौकोन. शिकाऊ नर्सनं दहा रुग्णांच्या शिरेत कॅन्युला, म्हणजे औषध सोडायची बारीक नळी, घालायची, दर वेळी जुन्या सिस्टरनं शेजारी उभं राहून बघायचं आणि चौकोनात सही करायची, अशी त्या नर्सिंग होमची रीत. नऊ चौकोन भरले होते. दहावा भरला की हरिणी शिकाऊ राहणार नव्हती. पुढच्या महिन्यापासून पाळीच्या तक्त्यात तिचं नाव लागणार होतं, आणि तिची आई नातेवाइकांत "अजून शिकतेच आहे" म्हणताना जी मान खाली घालत असे, ती वर येणार होती. एका सहीत दोन माणसांचं भलं. सौदा वाईट नव्हता.

हनुमंतरावांना मिळायचं होतं ते दुसऱ्या लोकातलं. बुधवारी त्यांच्या वडिलांची तिथी होती. एकतीस वर्षं त्यांनी ती एकदाही चुकवली नव्हती. मुलगा चेन्नईत, त्याला आजोबांची तिथी विचारली तर तो फोनमध्ये बघतो. हनुमंतराव म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, पंकजाक्काचे यजमान. वय एकोणसत्तर. कुंभकोणमच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, आणि गणिताच्या मास्तरांना जडतो तो आजार त्यांना तेव्हापासूनच होता: उत्तर आपलंच बरोबर. दुसरा आजार किडनीचा. तो सहा वर्षांचा, आणि त्याचं उत्तर मात्र ते टाळत आले होते.

तीन आठवड्यांपूर्वी तंजावरच्या डॉक्टरांनी ते टाळणं संपवलं. किडन्या थांबत आल्या होत्या. आता आठवड्यातून तीनदा अंगातलं रक्त यंत्रात नेऊन धुवायचं आणि परत आणायचं. त्यासाठी मनगटापाशी एक धमनी आणि एक शीर एकमेकांना जोडायची. दोनेक महिन्यांत शीर फुगून जाड होते आणि मग जाड सुया सोसते. उजवा हात जेवायला, लिहायला लागतो, म्हणून डावा ठरला. वीस तारखेचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी निळ्या पेनानं डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत रेघ ओढली आणि म्हणाले, "ही एकच शीर चांगली आहे तुमची. ही म्हणजे तुमची पुढची वर्षं. आजपासून या हाताला सुई नाही. रक्त काढायलाही नाही. बीपीचा पट्टासुद्धा नाही."

खोलीत आम्ही दोघंच होतो, भावजी आणि मी. अक्का बाहेर पुढच्या तारखेच्या टोकनसाठी उभी होती. तिला आम्ही इतकंच सांगितलं की वीस तारखेला छोटं ऑपरेशन आहे. पेनाची रेघ चार आंघोळींत गेली.

आणि मंगळवारी सकाळी भावजींना हुडहुडी भरली. ताप एकशे तीन, लघवीत पू. आमच्याच रस्त्यावरच्या नर्सिंग होममध्ये नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, तीन दिवस शिरेतून औषध. तोंडातून भागणार नाही. अक्का खाली औषधांच्या रांगेत गेली. वरच्या मजल्यावर, सहा खाटांच्या खोलीत, हरिणी ट्रे घेऊन आली. मागून सिस्टर सुब्बलक्ष्मी. तीस वर्षं सुया टोचलेली बाई. बोलताना माणसाच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघायची.

"किडनी केस," सिस्टर तमिळमध्ये म्हणाल्या. "म्हणून काय करायचं?"

"डावा हात सोडायचा," हरिणी म्हणाली.

"मग?"

"उजव्या हाताची मागची बाजू. खालून सुरुवात. वरची शीर आधी फोडली तर खालची फुकट जाते."

"सुई कुठली घेतलीस?"

"निळी. बारीक."

"शाबास. शीर डोळ्यांनी नको शोधूस, बोटानं शोध. दिसते ती पळते, लागते ती थांबते." एवढं म्हणेपर्यंत शेजारच्या खोलीत एक बाळंतीण अशी ओरडली की खिडकीवरचा कावळा उडाला. सिस्टरनी दाराकडे बघितलं. "पट्टा बांध, शीर शोधून ठेव. मी आले."

त्या गेल्या. हरिणीनं खुर्ची ओढली आणि भावजींचा उजवा हात मागितला.

भावजींनी तो हात धोतराच्या ओच्यात घातला.

आता आमची घरची भाषा मराठी. तंजावरच्या राजांबरोबर आलेल्या लोकांची. घराबाहेर पडलो की तमिळ, दार लावलं की मराठी. ती मराठी पुण्याच्या माणसाला ऐकवली तर तो आजोबांची पगडी बघितल्यासारखा हसतो. पण तिचा एक उपयोग आहे. दवाखान्यात, बँकेत, कचेरीत, चार माणसांसमोर आपसांत काय ठरवायचं ते आम्ही उघड ठरवतो आणि कुणाला कळत नाही. हा उपयोग आमच्यातल्या प्रत्येकानं केलेला आहे. हरिणी आमच्यातलीच, भावजींच्या मावसबहिणीची नात. ती त्यांना मामाच म्हणायची.

"मामा, उजवा हात द्या."

"उजवा नको गे. डावा घे."

"डावा नाही घ्यायचा. सिस्टर आत्ताच म्हणाल्या ना?"

"त्यांस काय ठाऊक? उद्या अप्पांची तिथी. डॉक्टरांनी दोन तास घरी जायला हो म्हटलंय. दर्भाची अंगठी कुठल्या हातात? पाणी कुठून सोडायचं?" त्यांनी ओच्यातला हात बाहेर काढून अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जागा दाखवली आणि लगेच हात परत आत नेला. "पितरांचं पाणी इथून पडतं. नेमकं तिथंच तू सुई खुपसणार, चिकटपट्टी लावणार, रक्त लागणार. रक्ताच्या हातचं पाणी ते घेत नाहीत."

"त्यांनी कधी तक्रार केलीय?" मी विचारलं.

"पांडू, तू गप्प. तुझ्या घरच्या तिथ्या तुझी बायको लक्षात ठेवते."

खरं होतं.

"मामा, तुमचं ऑपरेशन याच हाताचं आहे ना?" हरिणी हळूच म्हणाली.

"वीस तारखेला. आज सात. एका दिवसानं काय होतंय? उद्या दुपारी परत आलों की ही काढ आणि उजव्यात घाल. चोवीस तास. चोवीस भागिले..." त्यांनी खरंच भागाकार करून दाखवला. तेरा दिवसांपैकी एक. आठ टक्केही नाही. गणिताच्या मास्तराला कुठल्याही वेड्या गोष्टीची टक्केवारी काढता येते.

हरिणी माझ्याकडे बघू लागली. त्या पोरीला मोठ्या माणसाची एक ओळ हवी होती. निळ्या पेनाची रेघ मी पाहिली होती. ‘पुढची वर्षं’ हे शब्द मी ऐकले होते. मी तोंड उघडलं असतं तर भावजी तापात भडकले असते, स्वतःच्या जबाबदारीवर जातो अशी सही करून घरी निघाले असते, अक्का रडली असती आणि दुसऱ्या दिवशीची केळीची पानं, उडीद, तीळ, भटजी, सगळी धावपळ माझ्या गळ्यात पडली असती. गप्प बसण्यात माझा लाभ होता तो इतकाच: एक शांत दुपार. तो मी घेतला.

"एकच दिवस आहे," मी म्हणालो.

तिनं पट्टा डाव्या हाताला बांधला.

ती शीर मी कधी विसरणार नाही. तिरुभुवनमच्या विणकरांच्या मागावर ताणलेलं सूत असतं, तशी मनगटापासून वर सरळ. हरिणीनं बोट टेकवलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बरोबर ओळखलं. बाजारात चांगला नग हाती लागला की माणसाला तसं होतं. ती तोंडातल्या तोंडात पायऱ्या म्हणत होती: मूठ वळा, स्पिरिट लावायचं, वाळू द्यायचं, फुंकर नाही मारायची. सुईचं तिरकं तोंड वर. कातडी खालून ताणायची. बसक्या कोनात आत. मागच्या नळीत रक्ताचा थेंब चमकला. तिनं सुई आणखी आडवी केली, केसभर पुढे नेली, मग सुई तिथंच धरून वरची प्लॅस्टिकची नळी शिरेत सरकवली. पट्टा सोडला. नळीच्या टोकावर बोट दाबून सुई मागे घेतली, टोपण लावलं, खारं पाणी ढकललं. कुठे फुगलं नाही. एका टोचणीत. पट्टी चिकटवून तिनं तारीख आणि वेळ लिहिली, आणि मान वर केली तेव्हा ती हसत होती.

"दुखलं का मामा?"

"मुंगी चावली," भावजी म्हणाले. "हात हलका आहे तुझा."

सिस्टर आल्या. हाताकडे बघितलं आणि त्या थांबल्या.

"डावा?"

"उजव्यात शीर लागली नाही, सिस्टर." हरिणीची तमिळ एकदम शाळकरी झाली. "फार शोधली."

सिस्टरनी भावजींच्या ओच्याकडे बघितलं. तो हात काही बाहेर येईना. मग त्या माझ्याकडे वळल्या. त्या बाईला आमचा एक शब्द कळला नव्हता, पण आम्ही तिघं काहीतरी ठरवून बसलोय हे तिला वासानं कळलं असावं.

"खरं का, सार?"

"आमा," मी म्हणालो. होय.

शेजारची बाळंतीण पुन्हा ओरडली. सिस्टरनी खिशातून पेन काढलं. "हे औषध शिरेला भाजतं. उद्या दुपारी ही निघाली पाहिजे. उजवीकडे मी स्वतः शोधते." आणि दहाव्या चौकोनात सही झाली.

बुधवारची तिथी उत्तम झाली. डाव्या हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून भावजी पाटावर बसले. ताप उतरला होता. उजव्या हाताच्या अनामिकेत दर्भ, ओंजळीत तीळ, अंगठा-तर्जनीच्या मधून पाणी बरोबर ताटात. बापाचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव घेताना आवाज एकदाही अडखळला नाही. फक्त प्रत्येक वेळी पाटावरून उठताना त्यांना टेकू लागायचा, आणि उजवा हात ओला, म्हणून टेकू डाव्या मनगटाचा. मी मोजलं. सात वेळा.

दोन वाजता परत खाटेवर. हरिणी नवा ट्रे घेऊन आली.

"मामा, बदलूया आता."

"चालतंय ना नीट? मग कशास पुन्हा टोचतेस?"

"मामा, तुम्हीच म्हणालात."

"काल म्हणालों. आज उजव्या हातानं जेवतों आहे, बघ. कितीक दिवसांनी चव लागली."

अक्का पायाशी बसून त्यांना दहीभात कालवून देत होती. तिला शीर, रेघ, डावा, उजवा, काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "राहू दे गे पोरी. एकदा बसलीय तर बसू दे. चार डोस तर राहिलेत. तुलाही दुसरी कामं असतील."

हरिणी ट्रे धरून उभी राहिली. मी तिच्या डोक्यातला हिशोब वाचत होतो, कारण तोच माझ्या डोक्यात चालला होता. बदलायची तर भावजींशी भांडायचं. भांडण झालं तर आवाज सिस्टरपर्यंत जाणार. सिस्टर येऊन उजवा हात ओच्यातून बाहेर काढणार, त्यावर चांगली ठसठशीत शीर बघणार, आणि मग कालच्या सहीचं काय? सिस्टर त्या दुपारी ऑपरेशनच्या खोलीत होत्या. हरिणीची पाळी संपली होती. तिनं फाइलीत लिहिलं: कॅन्युला ठीक. ट्रे घेऊन ती गेली. गुरुवारी तिची सुटी होती, आणि सुटीवरच्या माणसाच्या जागी जी आली तिनं फाइलीत ‘ठीक’ वाचलं आणि औषध सोडलं. सिस्टरनी फाइल मागितली, त्यांनाही ‘ठीक’च मिळालं, त्यांना वाटलं, उजवीकडे बदलली.

शुक्रवारी सकाळी भावजी म्हणाले, हात जळतोय. पट्टी काढली तर मनगटाच्या वर चार बोटं लाल, गरम. मी बोट लावलं. सूत राहिलं नव्हतं. आत वाळलेल्या वेलीसारखं काहीतरी कडक होतं. हरिणीनं ते बघितलं. तिनं कॅन्युला काढली, कापूस दाबला, मलम चोळलं. चोळत राहिली. भावजी म्हणाले, "पुरे गे, कातडी जाईल."

त्याच संध्याकाळी घरी सोडलं. ताप गेला होता. सगळ्यांनी सगळ्यांचे आभार मानले.

वीस तारखेला तंजावरच्या सर्जननी डाव्या हातावर यंत्र फिरवलं. एकदा खालून वर, एकदा वरून खाली. मग यंत्र बाजूला ठेवलं.

"इथे सुई कुणी घातली?"

भावजी छताकडे बघत होते. अक्का माझ्याकडे.

"ताप आला होता, डॉक्टर," ती म्हणाली. "पोरीनं एका टोचणीत घातली हो. फार हलका हात."

पुढचं सर्जननी मला इंग्रजीत सांगितलं, अक्काला ते कळलं नाही. शीर मनगटापासून कोपराच्या जवळपर्यंत बंद होती, आत रक्त गोठून. वर दंडात जी होती ती कामाची नव्हती. रक्तातलं विष वाढत होतं, थांबायला वेळ नव्हता. मानेत नळी घालून पहिलं डायलिसिस झालं. मानेतली नळी म्हणजे घराचं दार उघडं टाकून झोपणं. दोन महिन्यांत दोनदा ताप चढला, दुसऱ्या वेळी तीन दिवस आम्ही त्यांना ओळखलं आणि त्यांनी आम्हांला नाही. शेवटी जोड करायला उजवाच हात उरला. कोपरापाशी केली. जोड चालली, पण रक्त तिकडेच वळलं आणि पंजा उपाशी राहिला. बोटं गार, निळसर, मूठ वळत नाही. घास उचलला की ताटाच्या बाहेर पडतो. सर्जन म्हणाले, जोड काढली तर बोटं वाचतील, पण मग सुई कुठे घालायची? तेव्हा बोटं सोडून द्यायची ठरली. भावजींनी त्या दिवशी टक्केवारी काढली नाही.

मार्गशीर्षात हरिणी घरी आली. साडी नवी, छातीवर नावाची पाटी. पाळीच्या तक्त्यात नाव लागलं होतं. ती दारातच म्हणाली, "मामी, मला तुम्हांला काही सांगायचंय."

"बस आधी," अक्का म्हणाली. "अशोका हलवा केलाय. तुझ्यासाठी डबा भरून ठेवलाच होता. सगळे म्हणतात, ह्यांचं नशीबच फुटकं. पण मी म्हणते, या सगळ्यात एकच टोचणी दुखली नाही, ती तुझी. तेवढं मी देवाजवळ रोज म्हणते."

हरिणीनं माझ्याकडे बघितलं. खाटेवरून भावजींनीही बघितलं. तिघांनाही ठाऊक होतं, आणि चौथी डब्याचं झाकण दाबत होती. सांगून भावजींची शीर उघडणार नव्हती. सांगितलं असतं तर फक्त एका बाईजवळ जे थोडं शिल्लक होतं तेही गेलं असतं, असं मी मनाशी म्हटलं. मी मनाशी असं बरंच म्हणतो.

"बस सुटेल तुझी," मी हरिणीला म्हणालो.

ती डबा घेऊन गेली. जिन्यावर तिनं तो खाली ठेवला, मग उचलून चालू लागली.

आता कुणाचं किती गेलं ते सांगतो. पितरांना त्यांचं पाणी मिळालं. त्यांचं काही जायचा प्रश्नच नव्हता. सिस्टर सुब्बलक्ष्मींच्या पेनाची थोडी शाई गेली. हरिणीला दहा सह्यांचं कार्ड मिळालं. किडनीचा रुग्ण आला की ती ट्रे दुसरीच्या हाती देते, आणि का ते कुणाला सांगत नाही. माझी एक दुपार वाचली. हनुमंतरावांचे दोन्ही हात गेले, डावा सुईला आणि उजवा घासाला, पण तो सौदा निदान त्यांनी स्वतः केला होता, स्वतःच्या तोंडानं. उरलं ते सगळं पंकजाक्का भरते आहे. सोमवारी, बुधवारी, शनिवारी पहाटेची तंजावरची बस, चार तास यंत्राशेजारचं स्टूल, परतताना खांद्यावर नवऱ्याचं ओझं. महिन्यातून एकदा मरुदानल्लूरला भजनाला जायची, ते बंद. डाव्या हातानं ते जेवत नाहीत, म्हणून दुपारी ती त्यांना घास भरवते, तोंड पुसते, मग त्यांच्याच ताटात उरलेला गार भात आपण खाते. गुडघे दुखतात म्हणत नाही. काय झालं तेही विचारत नाही, कारण काही झालंय हे तिला माहीत नाही.